कौटुंबिक न्यायालयातील दावा लांबू नये म्हणून वडिलांनी काय करावे?

मुलाच्या ताब्यासाठी वडिलांनी अर्ज केला तेव्हा मूल बालवाडीत होते. समन्सची बजावणी होईपर्यंत ते पहिलीत गेले, समोरच्या पक्षाची लेखी कैफियत आली तेव्हा दुसरीत होते आणि उलटतपासाची तारीख लागली त्या आठवड्यात त्याची तिसरीची परीक्षा होती. देशातील कौटुंबिक न्यायालयांच्या आवारात अशी हकीकत सांगणारे वडील विरळा नाहीत. जमिनीच्या दाव्यात दहा वर्षे गेली तरी जमीन जागेवरच असते. मूल मात्र तेवढ्या काळात बाल्य संपवून मोकळे होते.

मुलांच्या ताब्याबाबत कायद्याची मुख्य कसोटी मुलाचे हित ही आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ या दोन्ही कायद्यांत तीच दिसते. हे हित ठरवताना मूल सध्या कोठे राहते, कोणत्या शाळेत जाते, कोणाच्या सहवासात रुळले आहे, याचा न्यायालय विचार करते. दोन-तीन वर्षे एका घरात स्थिरावलेल्या मुलाला तेथून हलवण्यास न्यायाधीश सहसा तयार होत नाहीत आणि त्यात गैर काही नाही. परंतु याचा अर्थ असा होतो की, निकालपत्र लिहिले जाण्याआधीच बराचसा निकाल काळाने दिलेला असतो.

हा नियम वडिलांच्या बाजूनेही आपोआप लागू होत नाही. मूल आपल्याकडे आहे, मग खटला लांबला तर बरेच, असा हिशेब काही वडील करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका प्रकरणात तो साफ फेटाळला. त्या प्रकरणात मूल दीर्घकाळ वडिलांकडे होते. मात्र न्यायालयांचे आदेश डावलून त्यांनी ताबा टिकवला होता. स्वतःच्या चुकीचा लाभ कोणालाही घेता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने मुलाचा ताबा आईकडे दिला.

विलंबाची सर्वच कारणे पक्षकाराच्या हातात नसतात. न्यायाधीशांची रिक्त पदे, दरवर्षीच्या बदल्या आणि दिवसाच्या बोर्डावरील प्रकरणांची लांबलचक यादी यांवर कोणत्याही वडिलांचा इलाज चालत नाही. तथापि एखाद्या प्रकरणाचा रोजनामा पहिल्या पानापासून वाचला तर असे आढळते की, अनेक तारखा या कारणांनी वाया गेलेल्या नसतात. पत्ता अपुरा, शपथपत्र अपूर्ण, वकील गैरहजर, नक्कल दिली नाही, अर्जावर म्हणणे मागवले, अशा नोंदींनीच ती पाने भरलेली असतात.

दावा कोठे दाखल करावा

पहिली चूक बहुधा येथेच होते. पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ नुसार मुलाच्या पालकत्वाचा अर्ज, मूल जेथे सर्वसाधारणपणे राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. वडील पुण्यात आहेत, आई मुलाला घेऊन इंदूरला माहेरी गेली आहे आणि मूल तेथील शाळेत जाते, असे समजा. वडिलांनी सोयीसाठी पुण्यात अर्ज केला, तर समोरून पहिली हरकत अधिकारितेचीच येईल. तिचा निर्णय होण्यात सहज वर्ष निघून जाते. त्याशिवाय पत्नीच्या बाजूने प्रकरण वर्ग करण्याचा अर्ज येण्याची शक्यता असते. एकाच राज्यातील प्रकरण असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली उच्च न्यायालयात, दोन राज्यांतील असेल तर कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात तो अर्ज केला जातो. वैवाहिक प्रकरणांत पत्नीच्या व लहान मुलाच्या सोयीला महत्त्व मिळत असल्याने असे अर्ज पुष्कळदा मंजूर होतात. तोपर्यंत मूळ प्रकरणाला स्थगिती मिळाली, तर तो काळही वायाच जातो. प्रवासाचा त्रास मान्य करूनही, मूल जेथे आहे तेथेच सुरुवातीपासून अर्ज करणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

घटस्फोटाचा किंवा नांदण्यासंबंधीचा अर्ज आधीच प्रलंबित असेल, तर ताब्यासाठी नवे प्रकरण उभे करण्याची गरज नसते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात मुलाचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी अर्ज करता येतो. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये अशीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली पत्नीने अर्ज केला असेल, तर त्या कायद्याचे कलम २१ वडिलांनी वाचावे. मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देताना वडिलांच्या भेटीची व्यवस्था ठरवून देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना त्या कलमाने दिला आहे. भेट मुलाच्या हिताला बाधक वाटल्यास ती नाकारण्याचाही अधिकार त्यातच आहे.

लाखो लोकवस्तीच्या सर्वच गावांत कौटुंबिक न्यायालय नाही. दहा लाखांपेक्षा अधिक लोकसंख्येच्या शहरांत ते स्थापन करण्याची तरतूद कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये आहे. इतरत्र राज्य सरकार आवश्यकतेनुसार ते स्थापन करते. जेथे ते नाही तेथे जिल्ह्याची दिवाणी न्यायालये हीच प्रकरणे चालवतात.

उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली की मूल चार दिवसांत मिळते, असा समज बराच पसरलेला आहे. तो अर्धवट आहे. आईच्या निधनानंतर बालिकेला तिच्या मावशीकडे ठेवण्यात आले होते, अशा महाराष्ट्रातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांची अशी याचिका मान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. तेथे वडील हयात असलेले एकमेव नैसर्गिक पालक होते. आई व वडील दोघेही हयात असून मूल त्यांच्यापैकी एकाकडे असेल, तेव्हा उच्च न्यायालय बहुधा नेहमीच्या न्यायालयाचा रस्ता दाखवते. मधले चार-सहा महिने आणि वकिलाचे शुल्क मात्र खर्ची पडलेले असते.

समन्स बजावणीतच जाणारे महिने

समोरच्या पक्षाला समन्स मिळेपर्यंत प्रकरण खऱ्या अर्थाने सुरूच होत नाही. बेलीफ परत येतो आणि ‘घर बंद’ किंवा ‘पत्त्यावर राहत नाही’ असा अहवाल देतो. मग पुढची तारीख, पुन्हा समन्स, पुन्हा तोच अहवाल. हे टाळण्यासाठी अर्जातच राहत्या घराचा, माहेरचा व नोकरीच्या ठिकाणाचा असे सर्व पत्ते, तसेच मोबाईल क्रमांक व ई-मेल देणे उपयोगी ठरते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये नोंदणीकृत टपाल, कुरिअर व इलेक्ट्रॉनिक साधनांनी बजावणीची सोय आहे. अर्जदाराला स्वतः समन्स नेऊन बजावण्याची, म्हणजे हमदस्त बजावणीची, परवानगीही मागता येते. समोरचा पक्ष मुद्दाम टाळत आहे असे दिसल्यास नियम २० खाली दारावर चिकटवून किंवा वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन बजावणी करता येते. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो, कारण न्यायालय ते आपणहून क्वचितच करते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. पत्नी कोठे राहते हे ठाऊक असताना जुना पत्ता देऊन एकतर्फी आदेश मिळवण्याचा मोह काहींना होतो. बजावणी नीट झाली नव्हती असे दाखवले की, आदेश ९ नियम १३ खाली तो आदेश रद्द होतो आणि दावा पहिल्या पायरीवर येतो. शिवाय असा पक्षकार न्यायाधीशांच्या नजरेतून उतरतो, हे नुकसान वेगळेच.

वडील स्वतः जाबदार असतील तर समन्स टाळण्यात त्यांचे काहीच हित नाही. वकीलपत्र पहिल्याच तारखेला दाखल करावे. लेखी कैफियत तीस दिवसांत द्यावयाची असते आणि कारण नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही मर्यादा अगदीच अनुल्लंघनीय मानली नाही, म्हणून अपवादाने नंतरही कैफियत घेतली जाते. पण त्या अपवादासाठी अर्ज, त्यावर म्हणणे आणि युक्तिवाद असे दोन-तीन महिने द्यावे लागतात.

अंतिम निकालाची वाट न पाहता भेट

ताब्याचा अंतिम निर्णय पुरावा झाल्याशिवाय होत नाही आणि पुराव्याला वेळ लागतोच. त्यामुळे वडिलांनी सर्वाधिक लक्ष द्यावे ते अंतरिम भेटीच्या अर्जाकडे. पालक व पाल्य अधिनियमाचे कलम १२ किंवा हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २६ यांखाली हा अर्ज मूळ अर्जाबरोबरच, त्याच दिवशी दाखल करता येतो. पुष्कळ वडील ‘आधी ताबा मिळू दे, मग भेटीचे बघू’ असे म्हणून तो वर्षभराने करतात. तोवर मूल वडिलांना पाहून आईच्या मागे लपू लागलेले असते आणि ‘मूलच भेटायला तयार नाही’ हे उत्तर समोरच्या पक्षाला आयते मिळते.

कायद्यातील एक विसंगती या ठिकाणी जाणवते. मुलाच्या पालनपोषण व शिक्षणाच्या खर्चाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कलम २६ च्या परंतुकात २००१ पासून लिहिलेले आहे. भेटीच्या अर्जाला अशी मुदत घातलेली नाही. म्हणून तो अर्ज पुढे सरकवण्याची जबाबदारी अर्जदारावरच येते.

अर्जात ‘वाजवी भेट मिळावी’ एवढेच लिहिणे म्हणजे पुढील भांडणाची पायाभरणी होय. महिन्याचे कोणते शनिवार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मुलाला कोण आणणार व कोण परत नेणार, दिवाळी व मे महिन्याची सुटी कशी विभागायची, वाढदिवसाचे काय, शाळेचा प्रगतीचा अहवाल वडिलांना मिळणार का, हे सर्व नेमकेपणाने मागावे. जानेवारी २०२० मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, मुलाला आई आणि वडील दोघांचेही प्रेम मिळण्याचा हक्क आहे. पालक दूरच्या शहरांत किंवा परदेशात असतील तेथे प्रत्यक्ष भेटीखेरीज दूरध्वनी व व्हिडिओ कॉलद्वारे संपर्काचा हक्कही महत्त्वाचा आहे, असेही त्या निर्णयात नमूद आहे. बंगळूर किंवा दुबईला नोकरी करणाऱ्या वडिलांनी अर्जात या निर्णयाचा आधार अवश्य घ्यावा.

मागणीचे प्रमाण हा भाग नाजूक आहे. मूल वर्षभर भेटलेले नसेल, तर पहिल्याच अर्जात आठवडाभराचा मुक्काम मागितल्यास तीव्र विरोध होतो आणि सुनावणी लांबते. अनेक कौटुंबिक न्यायालयांत मुलांच्या भेटीसाठी खेळण्यांचा कक्ष असतो. तेथे दोन तासांची भेट, मग आवाराबाहेर दिवसभराची, मग रात्रीचा मुक्काम, अशी चढती मागणी लवकर मान्य होते. न्यायालयाच्या खोलीत समुपदेशकासमोर मुलाला भेटण्यात अपमान मानणारे वडील आढळतात. समुपदेशकाच्या चार अनुकूल अहवालांइतका प्रभावी पुरावा मात्र त्यांच्याकडे दुसरा कोणताही नसतो. हिंसाचाराचा आरोप असेल, तर देखरेखीखालील भेटीची तयारी वडिलांनी स्वतःहून दाखवावी. आरोप गंभीर असताना न्यायालय सावध राहणार, आणि ते राहिलेच पाहिजे.

पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असे १९५६ च्या अधिनियमाचे कलम ६ सांगते. २०१५ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीवर भर दिला आणि आई अपात्र आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर टाकली. वडिलांचा भेटीचा हक्क मात्र मान्य केला. तीन वर्षांच्या मुलाच्या पूर्ण ताब्यासाठी आईच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारा शंभर पानी अर्ज करण्यापेक्षा, भेटीचा सहा पानी अर्ज त्या वयात अधिक फलदायी ठरतो. ताब्याची मागणी त्यामुळे बुडत नाही.

समुपदेशन : टाळू नये, रेंगाळू देऊ नये

कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. त्यासाठी प्रकरण विवाह समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थीला पाठवले जाते. ही निव्वळ औपचारिकता समजून वडील गैरहजर राहिले, की समुपदेशक पुढची तारीख देतात आणि तीही वाया जाते. वास्तविक घटस्फोटावर एकमत झाले नाही तरी भेटीच्या वेळापत्रकावर येथेच एकमत होऊ शकते. तसे झाल्यास दोघांच्या सहीची पुरसिस त्याच दिवशी न्यायाधीशांपुढे ठेवून आदेश घेता येतो. तोंडी समझोत्यावर घरी जाणे धोक्याचे असते, कारण तो पुढे पाळला गेला नाही तर अंमलबजावणीला काहीच हाती राहत नाही. उलटपक्षी, तीन-चार बैठकांनंतर काही निष्पन्न होत नसेल तर तसा अहवाल न्यायालयाकडे पाठवण्याची विनंती लेखी करावी.

पोटगी थकवणे हा स्वतःच ओढवलेला विलंब

पोटगीच्या प्रकरणात वेळ काढला तर पत्नी थकून तडजोडीला येईल, हा सल्ला न्यायालयाच्या आवारात फुकट मिळतो. त्याची किंमत मोठी असते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सप्टेंबर २०१३ मध्ये पत्नी व लहान मुलाच्या वतीने पोटगीचा अर्ज झाला आणि त्यातील अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात ४ नोव्हेंबर २०२० रोजी मिटला. सात वर्षांनंतर पतीला थकबाकी भरण्याचा आदेश झालाच. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निर्णयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे ठराविक नमुन्यातील शपथपत्र द्यावयाचे, जाबदाराने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावयाचे आणि अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावयाचा, असे त्यात म्हटले आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी लागते. म्हणजे लांबवलेला प्रत्येक महिना थकबाकीत जमा होतो. मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्या जाबदाराचा बचाव काढून टाकण्याचा मार्गही न्यायालयाला मोकळा ठेवला आहे.

म्हणून प्राप्तिकर विवरणपत्रे, पगारपत्रके, बँक खात्यांचे उतारे आणि कर्जाचे हप्ते ही कागदपत्रे समन्स येण्याआधीच एकत्र करून ठेवणे इष्ट. दुसऱ्या न्यायालयात आधीच पोटगीचा आदेश झाला असेल, तर तो उघड केल्यास पुढील रकमेतून वजावटीचा विचार होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे, हेही अर्ज लिहिताना पाहावे.

भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे ही तर हमखास चूक. दोन्ही आदेश परस्परांपासून स्वतंत्र आहेत. पोटगी थकलेल्या वडिलांचा भेटीचा अर्ज निघाला की समोरच्या वकिलाचे पहिले वाक्य थकबाकीचे असते आणि त्या दिवशी भेटीवर युक्तिवाद होतच नाही.

तारीख, तहकुबी आणि रोजनामा

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २१ ब मध्ये सुनावणी शक्यतो दररोज चालवावी आणि नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत प्रकरण संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे म्हटले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देता येत नाहीत आणि तहकुबीचा खर्च बसवता येतो. या मर्यादांनाही न्यायालयांनी अपवाद मानले आहेत. तरीही समोरून चौथ्यांदा तहकुबी मागितली गेली, तर तोंडी कुरकुर न करता या तरतुदींचा उल्लेख करून लेखी हरकत द्यावी आणि ती रोजनाम्यात येते आहे हे पाहावे. वरच्या न्यायालयात कोणाची आठवण चालत नाही, रोजनामा चालतो.

प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, प्रकरणाचा टप्पा आणि अपलोड झालेले आदेश विनामूल्य दिसतात. वकिलाच्या कारकुनाच्या फोनवर विसंबून न राहता प्रत्येक तारखेआधी आठवडाभर तो टप्पा पाहणे आणि ‘या तारखेला आपण काय दाखल करणार आहोत’ एवढा एकच प्रश्न वकिलांना विचारणे, यातून बरेच साधते. वारंवार वकील बदलणे हेही विलंबाचे मोठे कारण आहे. नव्या वकिलाला फाईल वाचायला एक तारीख आणि जुन्याकडून फाईल मिळायला दोन तारखा लागतात. कलम १३ नुसार कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नसून न्यायालयाच्या परवानगीने मिळणारे साहाय्य आहे. त्यामुळे वकील येऊ न शकल्यास पक्षकाराने स्वतः उभे राहून साधे अर्ज चालवण्याची तयारी ठेवावी. अनेक न्यायाधीश त्याला प्रोत्साहनच देतात.

परगावी राहणाऱ्या वडिलांसाठी दूरदृश्य सुनावणी हा दिलासा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक प्रकरणांत तिच्यावर बरीच बंधने घातली होती. कोविडच्या साथीनंतर अनेक उच्च न्यायालयांनी तिचे स्वतंत्र नियम केले. साध्या तारखेसाठी तशी परवानगी मागता येते. समुपदेशनाला व मुलाच्या भेटीला मात्र प्रत्यक्षच जावे.

वेळापत्रकाबाबत आणखी एक व्यवहारी बाब. शाळांची मे महिन्याची सुटी आणि महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांची उन्हाळी सुटी साधारण एकाच वेळी येते. सुटीत मूल आपल्याकडे राहावे यासाठीचा अर्ज एप्रिलच्या अखेरीस केला, तर म्हणणे येईपर्यंत न्यायालय बंद होते आणि आदेश जूनमध्ये, शाळा उघडताना मिळतो. असा अर्ज फेब्रुवारीतच करावा. दिवाळीच्या सुटीसाठी गणपतीच्या आधी.

सर्व करूनही प्रकरण हलत नसेल तर त्याच न्यायालयात तारीख अलीकडे घेण्याचा व सुनावणी लवकर घेण्याचा अर्ज करता येतो. मुलाचे वय आणि शेवटची भेट कधी झाली, ही दोन कारणे त्यात पुरेशी असतात. उच्च न्यायालयाकडून ‘सहा महिन्यांत निकाल द्या’ असा आदेश आणण्याचा प्रघात पूर्वी होता. परंतु २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, खालच्या न्यायालयांतील प्रकरणांना अशी कालमर्यादा अपवादात्मक परिस्थितीतच घालावी, असे स्पष्ट केले आहे. त्या वाटेचा भरवसा आता फारसा धरता येत नाही.

पुरावा मोजका, आदेश मोडल्यास नोंद तत्काळ

सरतपासाचे शपथपत्र जितके लांब, तितका उलटतपास लांब. मुलाच्या हिताशी संबंध असलेल्या गोष्टी, म्हणजे शाळेचे शुल्क कोणी भरले, लसीकरणाला कोण नेत होते, घरी मुलाकडे पाहायला कोण आहे, कामाच्या वेळा काय आहेत, एवढ्याच त्यात असाव्यात. चारशे पाने व्हॉट्सॲप संदेश जोडणारे वडील स्वतःच्याच खटल्यात खोडा घालतात. जे निवडक संदेश द्यायचे, त्यांसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे. कौटुंबिक न्यायालय पुराव्याच्या नियमांबाबत सैल असते, पण प्रमाणपत्र नसल्याची हरकत एक तारीख खाऊनच जाते. औपचारिक स्वरूपाच्या साक्षीदारांची साक्ष कलम १६ नुसार शपथपत्रावर देता येते. त्यामुळे शाळेच्या लिपिकाला बोलावण्याचा वेळ वाचतो.

भेटीचा आदेश असूनही मूल आणले गेले नाही, तर वडिलांनी ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेपर्यंत थांबावे, त्याच दिवशी समोरच्या वकिलांना ई-मेल पाठवावा आणि पुढच्या आठवड्यात न्यायालयात अर्ज द्यावा. शाळेच्या फाटकावरून मुलाला परस्पर नेण्याचा एक प्रकार घडला की, मिळालेली भेटही बंद होते. तीन-चार चुकलेल्या भेटी साठवून एकदम तक्रार करणेही योग्य नाही. दरम्यान मुलाची सवय तुटते. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे दरखास्त दाखल करून करता येते. बुडालेल्या भेटीच्या बदल्यात वाढीव दिवस मागणे हा त्यातला सर्वांत लवकर मान्य होणारा उपाय आहे.

निकाल लागल्यावर प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करावा. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ नुसार अपील उच्च न्यायालयात तीस दिवसांत करावयाचे असते. अंतरिम आदेशाविरुद्ध त्या कलमाखाली अपील नाही. ताब्याचे व भेटीचे आदेश कायमचे नसतात. मूल चार वर्षांचे असताना ठरलेला दोन तासांचा शनिवार ते नऊ वर्षांचे झाल्यावर अपुरा पडतो. तेव्हा बदललेल्या परिस्थितीच्या आधारे वाढीव भेटीचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. त्या वेळी मूल समंजस वयाचे असेल, तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून त्याचे म्हणणेही ऐकू शकतात.